घड्याळाच्या पलीकडचे चार मीटर

पाणीखात्याची जुनी कचेरी पाडणार आहेत. त्यानिमित्त स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात ‘जुन्या काळातली गमतीदार माणसं’ असे एक सदर आहे. मला फोन करणारा इंजिनियर माझ्या नातवापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठा असेल.

“आजी, तुम्ही आखूडवर लिहा ना. तुम्ही तर त्यांना पाहिलंय.”

“तुला आखूड कसा माहीत? ते रिटायर झाले तेव्हा तुझा जन्मही नव्हता.”

“आखूड कोणाला माहीत नाही? अजून कोणाचं माप चुकलं की आम्ही म्हणतोच, आज आखूड केलंस. पाइप म्हणे पोचलाच नाही, मध्येच राहिला. खरी गोष्ट आहे ना?”

“पाइप पोचला नाही, हे खरं,” मी म्हणाले आणि लिहून देते म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर दोन दिवस मी काही लिहिले नाही. गोष्ट गमतीची नाही. पण लिहून देते म्हटले आहे, तर लिहिते.

आखूड व्हायच्या आधी त्यांना सगळे दोरीवाले म्हणत. ते खात्यात फिटर होते, म्हणजे जमिनीखालचे पाइप जोडणारे. उंच, सडपातळ, आणि डाव्या खांद्यावर कायम चाळीस मीटरची दोरी. तिला प्रत्येक मीटरला गाठ आणि प्रत्येक पाचाला निळ्या चिंधीची खूण. दोरी ओली झाली की आवळते आणि जुनी झाली की सैल पडते, म्हणून दर सोमवारी सकाळी ते ती कचेरीच्या आवारात दोन खुंट्यांमध्ये ताणून खात्याच्या लोखंडी पट्टीशी ताडून पाहत. गाठ केसभर सरकली असेल तर सोडून पुन्हा मारत. त्यांचे वडील विहिरी खणत. शाळा दोन इयत्तांपुरतीच झाली होती. अक्षरे येत नसत, आकडे मात्र पक्के.

“दोरीला पोट नसतं, ताई,” ते मला म्हणत. “म्हणून ती खोटं बोलत नाही.”

जुने मुकादम त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी दोरीवाले येणार, हे चहावाल्यापासून साहेबांपर्यंत सर्वांना ठाऊक होते. मुकादम म्हणजे एक शिट्टी, एक खुर्ची आणि बावीस माणसे हाताखाली. दोरीवाल्यांनी शिट्टी आधीच विकत घेऊन ठेवली होती. घरी मुलगी ती वाजवते म्हणून शेजारी तक्रार करतात, असे तेच हसत सांगत.

मी तेव्हा बावीस वर्षांची, नकाशाच्या खोलीत नवीन लागलेली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, गणितात पहिली आलेली आणि ते कोणी विसरू नये अशी काळजी घेणारी. माझे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे, म्हणून खोलीत माझे नाव मोतीबाई पडले होते. मला ते आवडायचे.

आमच्या खात्याची एक जुनी पद्धत होती. कचेरीच्या फाटकावर घड्याळ होते आणि घड्याळाखाली जमिनीत एक दगड. तो आमचा शून्य. गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक टाकी, प्रत्येक सांधा त्या दगडापासून किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आणि किती उत्तरेला किंवा दक्षिणेला, असे दोन आकडे एका मोठ्या वहीत लिहिलेले असत. शाळेच्या आलेखाच्या कागदावर बिंदू मांडतात तसेच. फरक एवढाच की शाळेत शून्याच्या डावीकडच्या आणि खालच्या आकड्यांना वजाचे चिन्ह असते, आणि आमच्या वहीत ते नव्हते. ज्या जुन्या नकाशेवाल्याने ही वही सुरू केली त्याचे म्हणणे होते की वजाचे चिन्ह माशीच्या घाणीएवढे, नक्कल करताना हमखास गळते. म्हणून त्याने पूर्व आणि उत्तर काळ्या शाईने लिहिली, पश्चिम आणि दक्षिण लाल शाईने. लाल म्हणजे घड्याळाच्या पलीकडे. हे कुठे लिहून ठेवलेले नव्हते. ज्याने त्याने आपल्या आधीच्या माणसाकडून ऐकायचे. मलाही पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. तशी नोंद माझ्या डायरीत आहे, त्यामुळे माहीत नव्हते असे मला म्हणता येत नाही.

वही जीर्ण झाली होती. तिची स्वच्छ प्रत करायचे काम अक्षरामुळे माझ्याकडे आले. पाच आठवडे मी ती उतरवत होते, निळ्या शाईने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच शाईने. शाळेत सिस्टरांनी अकरा वर्षे बजावले होते की लाल शाई शिक्षकांची. विद्यार्थ्याने वहीत लाल शाई वापरली तर सिस्टर ते पान फाडत. लाल टाक हातात घेतला की अजूनही माझ्या बोटांना चोरी केल्यासारखे वाटे. पहिले पान लाल-काळे असे केलेही होते. मग ते गिचमीड दिसते म्हणून बाजूला ठेवले, निळ्यात नवे पान केले आणि पलीकडचे आकडे ओळखता यावेत म्हणून त्यांच्याखाली बारीक रेघ ओढायची असे ठरवले. ती रेघ मी तिसऱ्या पानापर्यंत ओढली. पुढे वेग आला आणि रेघ सुटली. कधी सुटली हे माझ्या लक्षातही आले नाही. पाने सुंदर दिसत होती.

प्रत तपासून सही करायचे काम शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्याचे. त्यांनी शेवटच्या पानावर ‘तपासले’ असे लिहून सही केली. पुढे त्यांच्याशीच माझे लग्न झाले, आणि ते एकदा म्हणाले होते की त्या पाच आठवड्यांत त्यांनी वही सोडून बाकी सगळे नीट पाहिले. हसण्यासारखेच आहे. मी त्या वेळी हसले होते.

त्या पावसाळ्याआधी एका टाकीपासून पलीकडच्या रस्त्यावरच्या व्हॉल्व्हपर्यंत जुन्या पाइपाऐवजी सरळ पाइप टाकायचा ठरला. मधे एक मोठी लाँड्री होती. पाइप तिच्या फरशीखालून न्यायचा, आणि लाँड्रीचा मालक एकच दिवस काम बंद ठेवायला तयार होता. म्हणजे आधी खोदून पाहायची सोय नाही. पाइप कारखान्यातून मापाने मागवायचा, त्या एका दिवशी फरशी उकरायची, पाइप ठेवायचा, जोडायचा, संध्याकाळी फरशी बसवून द्यायची.

सरळ अंतर काढायचे काम माझे. मी माझी निळी वही उघडली. टाकी: आडवा आकडा वीस, उभा नऊ. व्हॉल्व्ह: आडवा चार, उभा सोळा. आडव्या आकड्यांची वजाबाकी सोळा, उभ्यांची सात. सोळाचा वर्ग दोनशे छप्पन, साताचा एकोणपन्नास, बेरीज तीनशे पाच, वर्गमूळ साडेसतराला थोडे कमी. मी साडेसतरा मीटर लिहून दिले. गणित अचूक होते. फक्त व्हॉल्व्हचा चार हा घड्याळाच्या पलीकडचा चार होता. टाकी शून्याच्या या बाजूला वीस, व्हॉल्व्ह त्या बाजूला चार. त्यांच्यातले आडवे अंतर वीस उणे चार होत नाही, वीस अधिक चार होते. घराच्या एका बाजूला वीस पावलांवर विहीर आणि दुसऱ्या बाजूला चार पावलांवर झाड असेल, तर विहिरीपासून झाड किती लांब हे लहान मूलही सांगेल. मी मोतीबाई होते.

माझ्या डायरीत त्या मंगळवारची नोंद अशी आहे: ‘११.२०. दोरीवाले आले. २५ म्हणतात. साहेबांनी परत पाठवले.’

काय झाले ते नीट सांगते. लाँड्रीतून दोरी ताणता येत नव्हती, म्हणून दोरीवाल्यांनी बाहेरून मोजले. टाकीपासून कोपऱ्यापर्यंत चोवीस, कोपऱ्यापासून व्हॉल्व्हपर्यंत सात. रस्ते काटकोनात. मग त्यांनी कचेरीच्या मोकळ्या आवारात तसाच काटकोन मांडला, एका बाजूला चोवीसवर खुंटी, दुसऱ्या बाजूला सातवर खुंटी, आणि दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणली. पाचवी निळी चिंधी बरोबर खुंटीवर आली. ते दोरी तशीच खांद्यावर टाकून वर आले.

“साहेब, कागदावर साडेसतरा आहे. माझी दोरी पंचवीस म्हणते.”

साहेब वर न पाहता म्हणाले, “मग दोरी बदल.”

“खाली येऊन बघा तरी. मांडून ठेवलंय.”

“अरे, नाचता येईना, अंगण वाकडं. मोतीबाई, पुन्हा एकदा करून बघा बरं.”

मी पुन्हा केले. त्याच निळ्या वहीतून. तेच उत्तर आले. “साडेसतराच, सर,” मी म्हणाले. मी खिडकीपाशी बसत असे. मान वळवली असती तर खालच्या खुंट्या दिसल्या असत्या.

साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर एक ओळ छापलेलीच असे: ‘जागेवर मोजून खात्री केली.’ तिच्याखाली फिटरची खूण लागत असे, नाही तर मागणी पुढे जात नसे.

“माझी खात्री नाही, साहेब.”

“खात्री कागदाची असते. तुझी फक्त सही असते. मुकादम व्हायचंय ना तुला?”

त्यांनी अंगठा दिला. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाले, “ताई, एकदा जुन्या वहीत बघाल का?” मी म्हणाले, “जुनी वही रद्दीत बांधली आहे.” ती माझ्या पायाशीच होती.

ठरल्या दिवशी पाइप लाँड्रीच्या फरशीखाली साडेसात मीटर अलीकडे संपला. जुना पाइप सकाळीच तोडलेला होता. कारखान्यातून उरलेला तुकडा यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस तीन गल्ल्या आणि एक प्रसूतिगृह कोरडे. नर्सबाई बादल्या घेऊन टाकीशी रांगेत उभ्या असलेल्या मी पाहिल्या.

पहिल्याच दिवशी दुपारी, खोलीत कोणी नसताना, मी गठ्ठा सोडून जुनी वही उघडली. व्हॉल्व्हचा चार लाल होता. मी पुढची पाने उलटली. सगळीकडे लाल आकडे, आणि माझ्या वहीत सगळे निळे. मी वही मिटली, गठ्ठ्याला तशीच गाठ मारली आणि शिपायाला म्हणाले, “हे अजून इथेच का? घेऊन जा.” पुढचे तीन महिने मी घरी बसून, जेवढे आठवले आणि जेवढे नकाशांवरून जुळवता आले, तेवढ्या आकड्यांखाली रेघा ओढल्या. वही सुधारली. त्यानंतर एकही पाइप कमी पडला नाही. हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाही. वही सुधारता येते हे मला कळत होते, एवढाच त्याचा अर्थ.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. चांगले गृहस्थ होते, हळू बोलत. साहेब म्हणाले, फिटरने खात्री दिली, हा त्याचा अंगठा. दोरीवाले म्हणाले, मी वर जाऊन पंचवीस सांगितलं होतं, ताईंसमोर सांगितलं. अधिकाऱ्यांनी मला विचारले, “फिटर हरकत घ्यायला आला होता?”

मी म्हणाले, “मला आठवत नाही.”

मी रोज पाणी किती वाजता आले ते लिहून ठेवणारी बाई. अकरा वीसची नोंद पिशवीतच होती, मांडीवर. दोरीवाल्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. गाठ केसभर सरकली आहे का, हे जसे पाहत, तसे.

मुकादम दुसरा झाला. दोरीवाल्यांना चावीवर टाकले. म्हणजे लांब लोखंडी चावी घेऊन पहाटेपासून गल्लोगल्ली हिंडायचे, या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा, त्या गल्लीचा बंद करायचा. दोरी खात्यात जमा करून घेतली, चावीवाल्याला ती लागत नाही म्हणून. चहाच्या टेबलावर कोणीतरी म्हणाले, “आखूडशिंगी ऐकली होती, हा आखूडपाइपी.” सगळे हसले. पुढचे अर्धे नाव आठवड्यात गळून गेले. आखूड उरले.

लग्नानंतर मी ज्या घरात राहायला गेले ती गल्ली त्यांच्याकडेच होती. बावीस वर्षे आमच्या घरात पाणी त्यांच्या हाताने आले. दारापासून व्हॉल्व्हच्या झाकणापर्यंत चाळीस पावले. मी खिडकीतून पाहत असे. ते वाकून चावी फिरवत, कान लावून पाण्याचा आवाज ऐकत आणि पुढे जात. मान कधी वर केली नाही. माझी डायरी म्हणते: ‘६.१५. पाणी. आखूड.’ दुसऱ्या दिवशी ‘६.१५. पाणी. आखूड.’ ज्या दिवशी रजेवर असत त्या दिवशी ‘६.४०. पाणी. दुसरा.’ मी घरात कोणाशी हे नाव बोलले नाही, पण लिहिले. गेल्या आठवड्यात एका वर्षातले मोजले. तीनशे अकरा वेळा.

नवऱ्याशी, म्हणजे यांच्याशी, यावर एकदाच बोलले. हे जेवत होते. मी म्हणाले, “त्या वहीचं मनातून जात नाही.” हे म्हणाले, “सही माझी आहे त्याच्यावर. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे.” मग मीठ मागितले. चोराच्या मनात चांदणे असते म्हणतात. आमच्या घरात ते दोघांच्या मनात होते आणि दोघेही पडदे ओढून बसलो. हे जाऊन आता सहा वर्षे झाली.

फोन आल्यावर तिसऱ्या दिवशी मी चौकशी केली. ते हयात आहेत. नव्वद पूर्ण. मुलीकडे असतात. मी त्या वर्षाची डायरी पिशवीत घातली आणि गेले.

खालच्या मजल्यावर मुलीचे पडदे शिवायचे दुकान, मागे राहायची खोली. मुलगी, म्हणजे चौसष्ट वर्षांची बाई, गळ्यात टेप अडकवून कापडाच्या टेबलाशी उभी होती. दुकानातले सगळे पडदे जमिनीवर चार-चार बोटे लोळत होते. एक गिऱ्हाईक त्यावरूनच कुरकुरत होते.

“दोन बोटं जास्त सांगितली होती, तुम्ही चार सोडलीत.”

“जास्तीचं कापता येतं हो,” ती म्हणाली. “कमी पडलं तर काय करणार?”

मी खाली बघत आत गेले.

ते खुर्चीत बसले होते. ऐकू कमी येते, नजर चांगली. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

“मोतीबाई. सव्वासहाचं घर.”

 मी डायरी उघडून ती नोंद मोठ्याने वाचली. मग लाल चार सांगितला, रद्दीचा गठ्ठा सांगितला, ‘आठवत नाही’ सांगितले. त्यांनी मधे विचारले, “वही निळीच केली होती सगळी?”

“हो.”

“का?”

“लाल शाई शिक्षकांची असते, असं शाळेत शिकवलं होतं.”

ते हसले. दात नव्हते, हसू तेच होते. मग थांबले.

“हे मला कशाला सांगता, ताई? माझी दोरी बरोबर होती, मला तेव्हाच माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांगा.” त्यांनी दुकानाकडे बोट केले. “तिला.”

मुलगी दारात उभी होती. केव्हापासून, ते मला कळले नव्हते. मी पुन्हा सगळे सांगितले. दुसऱ्यांदा सांगणे सोपे जाईल असे वाटले होते, तसे झाले नाही.

तिने गळ्यातला टेप काढला. टेबलापाशी गेली. टेबलाचा कोपरा काटकोनात होता. एका कडेला टेपने चोवीस इंच मोजून खडूची खूण केली, दुसऱ्या कडेला सात इंचांवर. एका खुणेवरून दुसरीवर तिरपा टेप धरला. पंचवीस. मग चोवीसची खूण पुसली, सोळावर केली, पुन्हा टेप धरला आणि वाकून पाहिले.

“साडेसतराला धागाभर कमी,” ती म्हणाली.

“हो.”

“नऊ वर्षांची होते मी. शाळेत मुली म्हणायच्या, आखूडची आखूड. मी बाबांना विचारलं होतं, खरंच मोजायला चुकलात का. ते म्हणाले, नाही.” तिने टेप गुंडाळला. “मी विश्वास ठेवला नाही. शिट्टी टाकून दिली मी. दोरीचं परत कधी विचारलं नाही.”

आतून त्यांचा आवाज आला. “किती आलं ग?”

“पंचवीस, बाबा.”

“मग?” ते म्हणाले.

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुम्ही खिडकीतून पाहायचात आम्हाला. मी डबा घेऊन यायचे त्यांच्यामागे. तुमच्या खिडकीचा पडदा हलायचा.” मग कात्री उचलत, “हे कचेरीत सांगितलंत का? तिथे अजून हसतात म्हणे.”

मी म्हणाले, सांगते. तिने मला बस म्हटले नाही, जा म्हटले नाही. कापडावर वाकून ती कामाला लागली. मी निघाले.

म्हणून हे तुमच्याकडे पाठवते आहे. ‘गमतीदार माणसं’ या सदरात घालू नये. दुसरे सदर नसेल तर शेवटच्या पानावर छापा. माझ्या डायऱ्यांमधले नाव मी खोडते आहे आणि बाजूला दोरीवाले असे लिहिते आहे, लाल शाईने. बावीस वह्या आहेत, हात दुखतो, सध्या तिसरीत आहे.

आणि एक विनंती. नवीन माणूस माप चुकला की खात्यात काहीतरी म्हणायची सवय आहे, ती मोडा असे मी सांगितले तरी मोडणार नाही. तर निदान म्हणायचे ते बरोबर म्हणा. आज मोतीबाई केलीस, असे म्हणा.